दोन्ही बसव

शिवाजी उद्यमनगरातल्या अमरेशच्या गॅरेजसमोर क्रेन थांबली. तिने ओढत आणलेली निळी कार अमरेशने लांबूनच ओळखली. राजवीरची. पुढच्या काचेवर धूळ साचली होती, वायपरखाली वाळकी पानं अडकली होती. क्रेनमधून हंबीरराव उतरले.

राजवीर त्यांचा एकुलता एक मुलगा आणि अमरेशचा शाळेपासूनचा मित्र. गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याच्या गाडीला अमरेशनेच मोठा टर्बो बसवला होता. इंधनाचं काम तेवढं राहून गेलं. टर्बो इंजिनात हवा भरभरून ढकलतो; त्या मानाने पेट्रोल मिळालं नाही, तर पिस्टन वितळतो. टाकीतला पंप बदलायचा की इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घ्यायचे, यावरून दोघांची बरीच वादावादी झाली होती.

"त्याचं राह्यलेलं काम पुरं कर," हंबीरराव म्हणाले.

"तात्या, जुना टर्बो परत बसवून देतो की. तुमास्नी एवढी पळवायची हाय कुठं?"

हंबीरराव खांद्यावरच्या टॉवेलने बॉनेटची धूळ पुसत राहिले, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. अमरेशला ते बघवेना.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. पंप मोठा बसवला, इंजेक्टर जुनेच ठेवले आणि लॅपटॉप जोडून टर्बोचा जोर कमी करून टाकला. हंबीररावांना गावी हातकणंगल्याला ये-जा करायला एवढं पुष्कळ होतं.

थोड्याच दिवसांत हंबीरराव गाडी घेऊन परत आले.

"पंप पेट्रोल देतोय, पर इंजेक्टर बारीक पडत्यात. जोरात घेतली की उपाशी राहतीया."

अमरेशच्या हातातला पाना थांबला. जन्मभर ट्रॅक्टर आणि जुनी जीप चालवलेला हा माणूस. अमरेशने लॅपटॉप जोडून बघितलं. म्हणणं अगदी बरोबर होतं. शिवाय त्याने कमी केलेला टर्बोचा जोर पुन्हा पूर्ण वाढवलेला होता. तो वाढवायला लॅपटॉप लागतो, आणि लॅपटॉप तर गॅरेजबाहेर गेलाच नव्हता.

"कुणी सांगितलं तुमास्नी हे?"

"गाडीत बसलं की दुसरं काय बोलतोय व्हय तो?"

अमरेशने मान खाली घातली. गेलेल्या माणसाबद्दल लोक असं बोलतात. त्याची स्वतःची आई वडिलांच्या फोटोशी बोलायची. पण टर्बोचा जोर वाढवला कुणी?

मोठे इंजेक्टर त्याने पुण्याहून मागवले. बसवताना राजवीरचा आवाज कानात होता. "अमऱ्या, एकट्या पंपानं काय होतंय? दोन्ही बसव." डोळे भरून आले, पण पुसायचे कशाने? दोन्ही हात पेट्रोलने ओले होते.

दुपारी हंबीरराव गाडी घेऊन एकटेच शिरोलीकडे गेले. चहा निवून गेला तरी अमरेश दारातच बसून होता.

मग कोपऱ्यावरून आवाज आला. खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला दिलेला एक हलकासा झटका. अख्ख्या उद्यमनगरात असा एकच जण द्यायचा.

अमरेश उठून उभा राहिला.

गाडी दारात थांबली. हंबीरराव डाव्या बाजूने उतरले.

ते हसत होते. राजवीर गेल्यापासून पहिल्यांदाच.

"जमलं बघ. आता जोतिबाला जाऊन येऊ म्हणतोय."

"तात्या... गाडी चालवली कुणी?"

ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. असं काय विचारतोय हा, अशा नजरेने.

अमरेश वळसा घालून उजवीकडे गेला. दार उघडलं.

सीट रिकामी होती. इंजिन चालू होतं, शांत, एकसारखं.

किल्ली फिरवून इंजिन बंद करायला त्याने हात पुढे केला, पण त्याला ते करवेना.

हँडब्रेक ओढलेला नव्हता. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.

आणि खाली, क्लचचं पेडल तळापर्यंत दाबलेलं होतं.