पुढे चालत लावलेला भात

निकिताने अमृतला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या हातात छत्री कोंबली आणि म्हणाली, "दादा, हा मॉनिटर भिजता कामा नये. अजिबात हलायचं नाही."

नगर जिल्ह्यातल्या राजूरच्या वरच्या अंगाला मालिकेचं शूटिंग चाललं होतं आणि जुलैचा पाऊस कुणाचं ऐकत नव्हता. निकिता क्रिएटिव्ह हेड. म्हणजे लेखकाने काय लिहायचं, नायिकेने कुठली साडी नेसायची, कोणत्या भागात कुणी रडायचं, सगळं शेवटी तिच्या गळ्यात. बारा जणांची टीम तिच्या तोंडाकडे बघायची आणि ती चॅनेलच्या तोंडाकडे. अशा गडबडीत समोरचा उंच, चिखलाने माखलेला तरुण कोण, हे विचारायला सवड कुणाला होती!

तो दीड तास छत्री धरून उभा राहिला. पॅकअप झाल्यावर म्हणाला, "मॅडम, आता हात खाली घेतला तर चालंल का? मी अमृत. बोलीभाषेचा सल्लागार म्हनून तुमीच बोलावलंय मला."

निकिताने जीभ चावली. "अहो... मग आधी का नाही बोललात?"

"तुमी म्हनला, हलायचं न्हाई. म्हनलं, बोललं तर जबडा हलतोय."

तिचा संवादलेखक परवेझ स्क्रिप्टच्या आड तोंड लपवून हसत होता. निकिताचे कान लाल झाले. पण ओशाळलेल्या अवस्थेतही एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही – या माणसाचे डोळे ओठांच्या आधी हसतात.

अमृतचं राजूरच्या बाजारात फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. मराठी घेऊन एम. ए. झालेला, आणि घरी दोन एकर भात, जो खरं तर त्याची आई चांगुणाबाई बघायची. रोज सकाळी तो सेटवर यायचा आणि परवेझच्या संवादांवर पेन्सिल चालवायचा. निकिता अगदी शेजारची खुर्ची घ्यायची. कामच तसं असायचं, असं ती स्वतःला सांगायची.

"हे काय?" एकदा तिने पान पुढे सरकवलं. "‘माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे’ – अख्खं वाक्यच खोडलंत?"

"आमच्याकडं असं कुनी म्हनत न्हाई."

"मग असलं प्रेम, तर काय म्हणतात?"

"काय म्हनायचं? ‘घाटात धुकं उतरलंय, जरा लवकर निघ’ म्हनत्यात."

"आणि त्यातून तिला कसं कळायचं?"

"कळतं की." पेन्सिल थांबली. "तुमाला न्हाई कळत?"

निकिताने पान उलटलं. त्या दिवशी संध्याकाळी ती गाडीत बसत होती, तेव्हा तो खिडकीशी आला आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाला, "मॅडम, घाटात धुकं उतरलंय. जरा लवकर निघा." अकोले गावातल्या लॉजवर पोहोचेपर्यंत तिला ड्रायव्हरच्या आरशात बघवलं नाही.

असे तीन आठवडे गेले. मग आला आवणीचा प्रसंग – नायिका सासरी पहिल्यांदा भाताची रोपं लावते तो.

"मॅडम, आवनी मागं मागं सरकत करत्यात," अमृत हळूच म्हणाला. "पुढं चाललं तर लावलेलं रोप आपल्याच पायाखाली येतं."

"पण नायिका कॅमेऱ्याकडे यायला हवी. लांब जाऊन कसं चालेल?"

"मग कॅमेराच तिच्यासंगं न्या."

"या चिखलात?" घड्याळ पळत होतं, पाऊस पुन्हा भरून आला होता आणि सगळी टीम ऐकत होती. निकिताचा तोल गेला. "अमृत, मी नगरचीच आहे. मला शेती शिकवू नका."

आता खरं सांगायचं तर ही बाई नगरच्या सावेडीत वाढलेली. आजोळ तिसगावचं, तिकडे ज्वारी. भात तिने पाहिला तो ताटात. पण तोंडातून शब्द गेला, आणि हाताखालच्या माणसांसमोर तो मागे घेणं तिला जमलं नाही. अमृत बाजूला सरकला. नायिका पुढे चालत, हसत हसत, स्वतःच लावलेली रोपं तुडवत कॅमेऱ्याकडे आली.

भाग दाखवला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती क्लिप मोबाईल मोबाईलवर फिरली. ‘लावतेय का तुडवतेय?’ असं खाली लिहून लोक पोट धरून हसत होते. अकरा वाजता चॅनेलच्या मॅडमचा फोन आला. टीमची बैठक चालू होती. फोन स्पीकरवर होता.

"हे कुणी ठरवलं?"

बारा चेहरे निकिताकडे वळले. याच बारा जणांना ती पहिल्या दिवसापासून सांगत आली होती की, चूक झाली तर आधी मला येऊन सांगा, मी तुमच्या पाठीशी उभी राहीन. आणि आता तिच्याच तोंडून निघालं, "लोकल सल्लागाराने सांगितलं... तसं केलं."

परवेझने झटकन वर पाहिलं.

"मग त्याला आजच्या आज काढून टाका. आम्ही ‘सल्लागाराची चूक’ म्हणून माफीची पोस्ट टाकतो."

निकिताने मान वळवली. दारात अमृत उभा होता, हातात उद्याच्या सीनची पानं. तो आत आला, पानं टेबलावर ठेवली, "येतो" म्हणाला आणि गेला. तिच्याकडे त्याने रागानेसुद्धा पाहिलं नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे नऊ दिवस तिचे कसे गेले, ते तिलाच ठाऊक. ती फोन उचलायची, ‘अमृत, मी –’ एवढं लिहायची आणि पुसायची. टीमला सूचना देताना आवाज खोल जायचा. मी कुणाला काय शिकवणार, असं वाटायचं. आरशासमोर केस विंचरतानासुद्धा तिला स्वतःची शरम वाटायची.

दहाव्या दिवशी परवेझ म्हणाला, "काल अमृतच्या दुकानात गेलो होतो. पोस्टमध्ये नाव नाही, पण सल्लागार कोण हे सगळ्या राजूरला ठाऊक आहे. चेष्टा चाललीय त्याची. आणि त्याची आई... दरवर्षी वाडीतल्या आवणीला बायका तिला पुढारीण करतात. यंदा शेजारच्या लंकाबाईने तिला आपल्या आवणीला बोलावलंच नाही. ‘पोराला शिकवता आलं न्हाई, आमाला काय सांगनार’ म्हणाली."

"आणि अमृत काय म्हणतो?"

"म्हणतो, चुकलं माझं."

निकिताला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिथल्या तिथे सगळ्यांना बोलावलं, फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि चॅनेलला लावला.

"मॅडम, आवणीचा निर्णय माझा होता. अमृतने मला सगळ्यांसमोर अडवलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर तुमच्याशी खोटं बोलले. माझ्या टीमसमोर खोटं बोलले. ते आज त्यांच्यासमोरच मागे घेते. माझ्या नावाने खुलासा टाका."

मग उत्तर आलं. खुलासा जाईल, पण उद्यापासून टीम परवेझ बघेल. महिनाअखेरीला निकिताने मुंबईला यावं, पुढचं तिथे बोलू. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं. पण नऊ दिवसांनी पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

तशीच ती राजूरला गेली. बाजाराचा दिवस होता, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. अमृतने तिला पाहिलं आणि पुन्हा मशीनकडे तोंड केलं.

"सगळे ऐका," निकिता म्हणाली. "भात पुढे चालत लावा, हे मी सांगितलं होतं. यांनी नको म्हटलं होतं. मी खोटा आळ घातला यांच्यावर."

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. अमृत सावकाश वळला.

"लोक हसले, त्याचं काय न्हाई, मॅडम. पन मी नऊ दिवस या पायरीकडं बघत हुतो. वाटायचं, आज येताल... आज तरी येताल."

"लाज वाटत होती. तोंड कसं दाखवू?... मला माफ नाही केलंत तरी चालेल."

"माफी आईकडं मागा. बायकांचं तिनं ऐकून घेतलंय. माझ्याकडं माफी नका मागू." आवाज एकदम खाली आला. "दुसरं काय मागायचं असंल, तर मागा."

निकिताचा चेहरा कानापर्यंत तापला.

"तुम्हालाच मागितलं... तर?"

अमृतने मशीनचं बटण बंद केलं. "पाव्हनं, फ्लेक्स उद्या न्या," तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "आज दुकान बंद."

घरी चांगुणाबाई ओट्यावर बसली होती. निकिताने तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, आणि सांगता सांगता रडली. संपल्यावर म्हातारीने दाराला टेकून उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"उद्या लंकाबाईकडं यायचं माझ्यासंगं. हेच तिच्यापुढं बोलायचं."

"येते."

"पोरगं म्हनालं, ‘आई, चुकलं माझं.’ मला तवाच ठावं हुतं, खोटं बोलतोय. चार वर्साचा असल्यापासनं माझ्यासंगं आवनीला हाय त्यो." तिने पदराने निकिताचं तोंड पुसलं. "जलमात कधी माझ्यापुढं खोटं बोलला न्हाई. म्हनलं, ज्या पोरीसाठी बोलला, ती येती का न्हाई, बघू."