काचेवरच्या दोन टिचक्या

डोणगावचे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होऊन वैजनाथरावांना तीन वर्षं झाली होती, पण पोस्टाची सवय सुटली नव्हती. काहीही घडलं की त्यांची नजर आधी मनगटावरच्या घड्याळाकडे जाई. दूध आलं, सहा पस्तीस. लाइट गेली, नऊ वाजून दहा.

बैठकीतला माशांचा टँक त्यांचा नव्हता, मुलीचा होता. मधुवंती मेहकरच्या कॉलेजात असताना अकोल्याहून तो घेऊन आली होती. पुढे तिचं लग्न झालं आणि टँक माहेरीच राहिला. त्यात दहा-बारा लालसर टेट्रा होते, तळाची वाळू हुंगत फिरणारे चार कोरी होते आणि मधाच्या रंगाचे सहा गुरामी होते, बोटाच्या दोन पेरांएवढे. कोणी कोणाच्या वाटेला जात नसे.

"बाबा, याईले भांडखोर शेजार चालत नाही," मधुवंती सांगे. "आन् झाकण उघडं ठेवजा नोका. हे वर येऊन हवा घेतात. थंड हवा लागली तर मरतात."

खरोखरच ते वर येत. दर थोड्या वेळानं एकेक गुरामी हळूच पृष्ठभागाला तोंड लावी, घोटभर हवा घेई, आणि मागे एक बुडबुडा सोडून खाली जाई. सहावा सगळ्यांत लहान होता. उन्हाळ्यात टँकमध्येच जन्मलेल्या पिल्लांतला तो एकटाच वाचला होता. मधुवंतीनं त्याचं नाव ठेवलं होतं बारक्या.

मार्गशीर्षात ती पहिल्या बाळंतपणाला आली आणि सातव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगा झाला, अकराशे ग्रॅमचा. बुलढाण्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. वैजनाथरावांच्या पत्नी शारदाबाई आणि जावई कुशल तिथं थांबले. तिसऱ्याला तिथं जागा नव्हती.

"तुमी घरी जा, बाबा," मधुवंती खाटेवरून म्हणाली. "मासे पाहा. त्याईचं तरी नीट होऊ द्या."

वैजनाथराव परत आले. दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं टाकायचं, पाणी कोमट आहे ना ते बघायचं, एवढंच काम होतं. उरलेला वेळ ते टँकसमोर खुर्ची टाकून फोनची वाट पाहत बसत.

सोमवारी बारक्या वर येईना. पाच गुरामी येऊन गेले, पुन्हा आले. बारक्या मात्र मागच्या पानाआड तळाशी थबकून होता. कल्ले हलत नव्हते. काचेवर वाजवायचं नाही, मासे दचकतात, ही मधुवंतीची ताकीद होती. तरी वैजनाथरावांनी नखानं दोन टिचक्या मारल्या. बारक्या हलला, तिरपा होत वर आला आणि हवा घेतली. वैजनाथरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस.

बारा वाजता शारदाबाईंचा फोन आला. "अहो, बाळ मघाशी श्वासच विसरलं. डॉक्टर म्हणे, एवढ्या लहान लेकरांचं असंच होते. आपोआप घेतला मग त्यानं."

"किती वाजता?"

"पावणेबाराच्या सुमाराले. काऊन?"

"काही नाही," ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी पुन्हा तेच झालं. यावेळी त्यांनी वेळ कॅलेंडरवर लिहिली, तीन दहा. संध्याकाळी कुशलचा फोन आला तेव्हा त्यांनी नुसतंच विचारलं, आज काही झालं का?

"झालं, मामाजी. मिशिनीवर वेळ येते. तीन वाजून धा मिनिटं."

वैजनाथराव अंगारे-धुपारे मानणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतःला समजावलं की मासा अशक्त आहे, बाळही अशक्त आहे, दोघांचंही दिवसातून चारदा अडत असणार. त्यातल्या वेळा कधी जुळणारच. बुधवारी दोनदा जुळल्या. गुरुवारी एकदा.

शुक्रवारी शेजारचे पुंजाजी हरभऱ्याची भाजी घेऊन आले. अंगणात ऊन होतं, पण घरात गारठा होता. पुंजाजी बाळाची विचारपूस करत होते आणि वैजनाथराव "हाव, हाव" म्हणत त्यांच्या खांद्यावरून टँककडे बघत होते.

बारक्या तळाशी गेला होता.

ते उठले. काचेजवळ बोट नेलं आणि थांबले. एकदाच खात्री करून घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं. आपण टिचकी मारली नाही आणि तिकडे काहीच झालं नाही, तर हे खूळ डोक्यातून जाईल. मासा काय, येईल वर आपला आपण.

त्यांनी घड्याळावर नजर ठेवली. दहा सेकंद. वीस. बारक्याचं अंग एका बाजूला कलू लागलं. त्याच्या पोटाखालचे धाग्यांसारखे दोन लांब पर वाळूवर सैल पडले.

"मास्तर, काय पाहून राह्यले?" पुंजाजींनी विचारलं.

तीस.

खिशातला फोन वाजला.

"अहो," शारदाबाईंना बोलता येत नव्हतं. "निळं पडलं हो. सगळे धावून राह्यले. अहो..."

मागे कुठलंतरी यंत्र एकसारखं कोकलत होतं.

वैजनाथरावांनी टिचकी मारली. बोट निसटलं, ती नीट बसलीच नाही. त्यांनी पुन्हा मारल्या. एक. दोन.

बारक्या हलला नाही.

त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. "चाल बापा," ते म्हणाले. "चुकलो मी. चाल वर."

एक. दोन.

शेपटी हलली. बारक्या वाळूवरून सुटला, अर्ध्यात अडखळला, पुन्हा निघाला. पाण्यावर बुडबुडा फुटला.

फोनमधलं यंत्र गप्प झालं.

"घेतला," शारदाबाई म्हणाल्या. "घेतला त्यानं."

वैजनाथराव खाली फरशीवर बसले. पुंजाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, टँककडे पाहिलं. काही न विचारता त्यांनी खुर्ची काचेजवळ सरकवली. "तुमी जेवून घ्या," ते म्हणाले. "मी बसतो. कोनत्याले पाहू?"

त्यानंतर ती खुर्ची रिकामी राहिली नाही. वैजनाथराव उठले की पुंजाजी बसत. पुंजाजी शेतावर गेले की त्यांच्या पत्नी पुष्पाबाई निवडायची तूर घेऊन येत, आणि एक डोळा सुपात, एक डोळा टँकात ठेवत. त्यांनी कधी कारण विचारलं नाही, गावातही बोलल्या नाहीत. टिचक्या आधी दिवसाला सहा-सात लागत, मग तीन, मग एक. संक्रांत झाली. बाळ पंधराशे ग्रॅमचं झालं, मग अठराशेचं. एक दिवस पुष्पाबाई म्हणाल्या, "भाऊजी, चार दिवस झाले, हा आपल्या मनानंच वर येते."

पाचव्या दिवशी मधुवंती बाळाला घेऊन घरी आली. टँकसमोर उभी राहून तिनं मासे मोजले. सगळे होते. बारक्या भरला होता, रंगानं पिवळाधमक झाला होता.

"चांगले ठेवले, बाबा," ती म्हणाली. वैजनाथरावांना तिला शुक्रवारचं सांगायचं होतं. सांगवलं नाही.

बारसं झाल्यावर बाळाचे डोळे तपासायला सगळे बुलढाण्याला गेले. मधुवंती बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि वैजनाथराव पेढ्यांचा पुडा घेऊन त्या काचेच्या पेट्यांच्या खोलीशी गेले. बाळाला सांभाळणाऱ्या धम्मशीला सिस्टर दारातच बसल्या होत्या.

"तुमचे उपकार कसे फेडावे, सिस्टर? दर वेळी तुमीच हात लावून जागं केलं त्याले."

"हात लावायची पाळी कमीच आली, काका," सिस्टर म्हणाल्या. "आमी पोचेपर्यंत त्यानं श्वास घेतलेला राहे." त्यांनी आवाज हळू केला. "तुमाले म्हणून सांगतो. पेटीच्या काचेवर टकटक होते. कोणीतरी नखानं वाजवल्यासारखी, दोनदा. मग लेकरू श्वास घेते."

वैजनाथरावांनी दाराची चौकट धरली.

"आमच्या बाळाच्या पेटीवर?"

"त्याच्याही. मी इथं लागून पाच वर्षं झाली, तवापासून ऐकतो. प्रत्येकाचं वाजवणं वेगळं राहते. कोणाचं घाईचं, कोणाचं दमानं. तुमच्या बाळाचं घाबरल्यासारखं वाजे." त्यांनी आत नजर टाकली. "ज्याच्या पेटीवर वाजते, ते लेकरू घरी जाते. एवढं मले कळलं. बाकी मी विचारत नाही कोणाले."

आत चार पेट्या होत्या. खिडकीशी असलेल्या पेटीत मुठीएवढं एक बाळ निजलं होतं. वैजनाथराव पाहत असतानाच त्याची छाती हलायची थांबली. सिस्टर उठल्या, पण धावल्या नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं. ऐका.

टक. टक.

अगदी दमानं. कुठंतरी दूर, एखाद्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या घरी बसून वाजवावं तसं.

बाळाची छाती वर आली. पेटीजवळ कोणी नव्हतं. आतल्या बाजूनं काचेवर, बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, पाण्याचा एक थेंब हळूहळू खाली ओघळत होता.