हणमाची वेगळी चूल

बालाघाटाच्या उतरणीला, धारूरच्या अलीकडं, एक पत्र्याचं घर होतं. घरात आश्रुबा होता, त्याची बायको सुनिता होती, त्यांची एकुलती एक लेक स्वप्नाली होती, आणि उंबऱ्याशी बसून सुपात धान्य पाखडणारी, पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी होती. ती म्हातारी म्हणजे मीच, आश्रुबाची आई. माझा धाकटा लेक हणमा, तोही त्या घरात होता. पण तो माणसांत धरायचा नव्हता. स्वप्नाली पाळण्यात होती तेव्हाच तो काविळीनं गेला.

हे रात्रीचं नाही सांगत मी. लोकांना वाटतं असलं काही रात्रीच होतं. पण भादव्यातली दुपार कधी एकट्यानं काढलीय का? सगळं गाव सोयाबीन काढायला रानात गेलेलं. कुत्रं भुंकत नाही. आपल्याच हातातली बांगडी वाजली तरी आपण दचकतो... तसली दुपार होती ती. सर्वपित्री अमावस्येची.

सुनितानं पितरांचा स्वयंपाक केला होता. वडे, खीर, वरणभात, गवार, कारलं. आश्रुबानं पान वाढून पत्र्यावर ठेवलं, पाणी सोडलं, आणि ओसरीला येऊन गप्प बसला. तो गप्प का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी घट बसणार होते आणि सुंदरराव मुकादम येणार होता. आमच्याकडं ऊसतोडीला जोडी लागते, नवरा-बायकोची. त्या जोडीला 'कोयता'च म्हणतात. आश्रुबा-सुनिताचा कोयता दर साल जायचा आणि घराला कुलूप लागायचं. एकट्या पोराला टोळीत कुणी घेत नाही. सुंदररावाच्या भाच्याला बायको पाहिजे होती, म्हणजे कोयता पुरा होईल. आश्रुबानं शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. स्वप्नालीला म्हणाला होता, "तुजं ते काम आज झालं तर मुकादमाला मी तोंडावर नको म्हनतो. न्हाई झालं, तर मंग माज्या तोंडाकडं बगू नको."

आता ते काम काय, तेही सांगते. माझ्या डोक्यात जेवढं शिरलं तेवढं.

हणमा धारूरला फोटोच्या दुकानात होता. दुकान मोडलं तेव्हा मालकानं त्याला जुना कॉम्प्युटर दिला, खोक्यासारखा. त्यात एक खेळ होता, 'गडाचा पहारा'. एक गड, एक दरवाजा, मधी विहीर, आणि एक पहारेकरी. अंधारातून चोर चढून येतात, त्यांना रोखायचं. हणमा खेळायचा आणि मी शेजारी तूर निवडत बसायची. दिवेलागणीला मी म्हणायची, "आरं, दिवा लाव, मंग खेळ." तो उठायचा नाही. खेळातल्याच पहारेकऱ्याला विहिरीपाशी न्यायचा, तिथला दिवा लावायचा आणि दात काढून म्हणायचा, "लावला बग, माय." तो दिवा लावून खेळात काहीच मिळत नव्हतं. दुसरं कुणी लावतही नसे. पण हणमा रोज आधी दिवा लावायचा, मग पहारा.

पुढं त्या खेळाच्या नव्या आवृत्त्या आल्या, दुसरी, तिसरी, चौथी. जुन्या माणसांना जुनी पाहिजे, पोरांना नवी. आणि एका कॉम्प्युटरवर दोन ठेवल्या की एक चालायची, दुसरी रुसायची. आमची स्वप्नाली बीडला राहून हे सगळं शिकून आली. तिनं त्यावर एक अवजार केलं. घाटनांदूरच्या रुळाला सांधा असतो बघा, तो बदलला की गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते. तसं तिचं बटण दाबलं की पाहिजे ती आवृत्ती उघडायची. नावही तिनं 'सांधा'च ठेवलं. पुण्याच्या दीपमाला मॅडम तो खेळ पुन्हा बाजारात आणणार होत्या. त्यांनी सांध्याचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, अमावस्येला दुपार कलली की स्क्रीनवर दाखव, चाललं तर नोकरी देते, घरूनच कर.

आणि नेमका त्याच दिवशी सांधा बिघडला.

"आज्जे," स्वप्नाली आतून म्हणाली, "जरा हिकडं ये."

"कावून गं?"

"ये की. एकटीनं बगू वाटंना."

मी गुडघ्यावर हात देत उठले. आतल्या खोलीत मळ्याखाली ती लॅपटॉप घेऊन बसली होती. मळा म्हणजे आमचा फळ्यांचा माळा, त्यावर पोत्यात बांधून हणमाचं ते खोकं ठेवलेलं.

"मी चौथी आवृत्ती दाबली," ती म्हणाली. "बग काय उघडतंय."

गड उघडला. अंधार. दरवाजाशी पहारेकरी उभा. स्वप्नालीनं दोन्ही हात वर केले, मला दाखवायला, की ती कशालाच हात लावत नाही.

पहारेकरी चालायला लागला.

सावकाश, दरवाज्यापासून विहिरीकडं. विहिरीपाशी थांबला. खाली वाकला... आणि दिवा लागला.

"चौथ्या आवृत्तीत तो दिवा काढून टाकलेला हाय, आज्जे," स्वप्नाली अगदी हळू म्हणाली. "तितं विहीर बी न्हाई."

तेवढ्यात मला वरून आवाज आला. खट... खट खट... खट. स्वप्नालीच्या लॅपटॉपची बटणं दाबली तर कापसावर बोट ठेवल्यासारखी वाजतात. हा आवाज तसा नव्हता. हा जुन्या, जाड बटणांचा होता.

"पत्र्यावर कावळा आला आसंल," मी म्हणाले. तिला नाही, स्वतःलाच.

बाहेर जाऊन बघितलं. पान जसंच्या तसं. पत्र्यावर कावळा नाही, चिमणी नाही. ऊन नुसतं थरथरत होतं. आणि आत खट खट चालूच.

मी परत आत आले तेव्हा वास आला. भुईआवळीच्या रसाचा, कडू, हिरवा. हणमाला शेवटचा महिना मी तोच रस देत होते. वाटी तोंडाला लावली की तो डोळे मिटायचा. त्यानंतर आमच्या घरात भुईआवळी कुणी वाटली नाही.

"हणमा?" मी म्हणाले.

वरचा आवाज थांबला. स्क्रीनवरचा पहारेकरी थांबला. आणि आमच्याकडं वळला. चार ठिपक्यांचं तोंड ते. त्याला डोळे असतात का? पण तो बघत होता.

स्वप्नालीनं माझा दंड धरला. "आज्जे... काकाचं जुनं खेळणं मीच घेतलंय यात. सांधा करताना तपासायला जुनं काय तरी पायजे होतं, म्हनून मळ्यावरच्या खोक्यातून त्याची आठवण काढून घेतली. कुठवर खेळला, काय काय केलं, ते. ते आता समद्यात शिरतंय."

आश्रुबा दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या कपाळाला घाम होता, पण आवाज बापाचा काढला. "मंग पुसून टाक की! त्यात काय?"

"पुसू, आज्जे?"

माझ्या तोंडातून हो निघेना आणि नाहीही निघेना. एकीकडं गेलेलं लेकरू, एकीकडं जितं. मी मान खाली घातली. तिनं पुसलं.

वास गेला. खोलीत अशी शांतता झाली की चुलीतला निखारा फुटलेला ऐकू आला. आश्रुबा म्हणाला, "झालं बग. उगं घाबरता बायका." स्वप्नालीनं पुन्हा चौथी दाबली.

गड उघडला. दिवा आधीच लागलेला होता. पहारेकरी विहिरीवर बसला होता, आमच्याकडं पाठ करून. हणमा रुसला की असाच बसायचा, गुडघ्यात मान घालून.

आणि वरून, अगदी आमच्या डोक्यावरच्या फळीवरून... खट.

आश्रुबा मागं सरला तो भिंतीला टेकला. "माय... हे काय गं..."

"गप रं. भाऊच हाय तुजा."

स्वप्नालीचे डोळे भरून आले होते, पण बोटं थांबली नव्हती. पोरीचं कौतुक मी याचंच करते. भीतीनं दातावर दात वाजत होते आणि ती एक एक कप्पा उघडून बघत होती. पहिली बघितली, दुसरी बघितली. मग एकदम थांबली.

"समद्यांची आठवण मी एकाच जागी ठेवलीय," ती म्हणाली. "चारी आवृत्त्या एकाच कप्प्यातून घेत्यात आन् एकाच कप्प्यात टाकत्यात. चूक माजीच हाय."

"म्हंजी चौघींची चूल एकच?" मी विचारलं.

"तसंच समज."

"चार जावा एका चुलीवर! आगं, हितं दोन नांदत न्हाईत."

तेवढ्या भीतीतही तिला हसू फुटलं. आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला, कंदिलाची काच पुसल्यावर बदलतो तसा. "येगळ्या चुली घालते," ती म्हणाली. "दर एकीला तिचा कप्पा. मंग कुनी कुनाच्यात शिरायचं न्हाई."

"चार नको घालू," मी म्हणाले. "पाच घाल."

"पाचवी कुनाची?"

"त्याची."

आश्रुबा भिंतीला टेकूनच म्हणाला, "माय, कॉम्प्युटर हाय त्यो. तितं वाटणी करती का?"

"वाटणीच हाय ही. तुजं लगीन झालं तसं तुला चूल दिली, तवा, परात, समदं दिलं. त्याला काय दिलं आपुन? वर्साकाठी पत्र्यावर एक पान. जागा नसली की माणूस दुसऱ्याच्या घरात शिरणारच की."

स्वप्नालीनं पाच कप्पे केले. पाचव्यावर हणमाचं नाव घातलं. जुनी आठवण खोक्यातून पुन्हा आणून त्यातच ठेवली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि स्क्रीनकडं बघून बोलले. लाज वाटली नाही मला.

"हणमा, ही तुजी वायली चूल. हितं बस, बाबा. दिवा तूच लाव, रोज लाव. पर ह्या पोरीची वाट सोड. पाळण्यात तूच झोका देत हुतास न्हवं हिला..."

पहारेकरी उठला. विहिरीवरून उतरला. दरवाज्याकडं गेला. त्या दरवाज्याच्या बाहेर खेळात काही नव्हतंच, नुसतं काळं. हणमा मला सांगायचा, 'माय, त्याच्या भाईर जाता येत न्हाई.' पण पहारेकरी त्या काळ्यात गेला. आधी पाय दिसेनासे झाले, मग भाला, मग मुंडासं.

विहिरीवरचा दिवा विझला. वर फळी एकदा करकरली, कुणी उठून उभं राहिल्यासारखी. मग काही नाही.

स्वप्नालीनं चौथी दाबली. नवा गड, रंगीत, विहीर नाही, दिवा नाही. तिसरी दाबली, तिसरीच उघडली. दुसरी, पहिली. उलटसुलट दाबलं. सांधा असा सरकत होता, जसं तेल घातलंय.

"आबा!" ती बापाकडं वळून ओरडली. "चाललं वो, आबा!"

दीपमाला मॅडम स्क्रीनवर आल्या तेव्हा आश्रुबा दाराआड उभा राहून देवाचं नाव घेत होता आणि सुनिता पदरात तोंड घालून बसली होती. मॅडमनी सांधा इकडून तिकडं ओढला, तिकडून इकडं ओढला. मुद्दाम मोडायला बघितलं. मोडला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आवृत्त्या चार आहेत ना? मग ही पाचवी जागा कुणाची?"

स्वप्नालीनं माझ्याकडं बघितलं. "घरच्या माणसाची हाय, मॅडम."

मॅडम हसल्या. "राहू दे मग. पुढच्या सोमवारपासून कामाला लाग."

सुनितानं पोरीला असं कवेत घेतलं की दोघी लॅपटॉपवर पडता पडता वाचल्या. आश्रुबा ओसरीवरून रानाकडं तोंड करून ओरडत सुटला, जणू बैल सुटले होते. मी तेवढ्यात बाहेर जाऊन पत्र्यावरचं पान बघितलं. साफ झालं होतं. खीर नाही, वडे नाहीत, भाताचं शीत नाही. फक्त कारलं तेवढं एका कडेला सारलेलं होतं, नीट, बोटानं सारल्यासारखं. कावळा कारलं असं सारतो का? हणमानं जन्मात कारलं खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुंदरराव आला. चहा पिऊन मिशा पुसत म्हणाला, "पोरगी कॉम्प्युटरवर खेळत बसती म्हनून सोयरीक नको म्हनतोस का बे, आश्रुबा?"

"खेळत न्हाई, मुकादम," आश्रुबा म्हणाला. "खेळ चालवती. आन् आमच्या घरातून आता कोयता न्हाई जायाचा. एक बी न्हाई."

त्या वर्षी दसरा झाला, तोडीला जाणाऱ्या गाड्या भरल्या, गाव रिकामं झालं, पण आमच्या दाराला कुलूप लागलं नाही. सुनिताच्या हातचा दिवाळीचा फराळ मी माझ्या घरात खाल्ला, कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत नाही. यंदा पत्रे काढून स्लॅब पडला. स्वप्नालीच्या हाताखाली आता दोन पोरी शिकतात, दोघीही तोडकऱ्यांच्या. त्या म्हणतात, ताई, आम्हाला पण सांधा शिकवा.

पाचवी चूल आम्ही कुणी उघडत नाही. दिवेलागणीला ती आपोआप उघडते. पहारेकरी दिवा लावतो, पहारा देतो, आणि ती बंद होते. आम्हाला सवय झाली.

फक्त परवा स्वप्नालीनं मला हाक मारली, त्या दिवशीसारखीच हळू. "आज्जे, ह्या खेळात बाई कधी नव्हती न्हवं?"

"न्हाई. एकटा पहारेकरी."

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. विहिरीपाशी, दिव्याच्या उजेडात, कुणीतरी बसलं होतं. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ. मांडीवर सूप.