मास्तरांचा खेळ

मी गणिताचा मास्तर. उत्तर चुकलं तर कुठल्यातरी पायरीवर आपलीच चूक झाली, असं मानणारा माणूस. भाद्रपदातल्या त्या शुक्रवारी चूक माझीच होती. आभाळ भरलं म्हणून बेंबळीजवळच्या आमच्या शाळेतून मी ओढ्यापलीकडच्या सात पोरांना तीन वाजताच घरी पाठवलं. त्यात माझी मुलगी राजनंदिनीही होती.

पाऊस वरच्या अंगाला पडला होता. मी ओढ्यावर पोचलो तेव्हा दोन्ही फाटे भरून वाहत होते आणि मधल्या उंचवट्यावर, लिंबाखाली, सातही पोरं अडकली होती. आमच्यामध्ये चाळीस फूट गढूळ पाणी. मला पोहता येत नाही. फोन केला, तर बोट धाराशिवहून निघालीय, दोन तास लागतील म्हणाले.

अर्धा तास पोरं शहाण्यासारखी बसली. मग सातवीतल्या शंभूनं लहानग्यांना बुंध्यापासून हुसकावलं. मॉनिटर वैष्णवी मध्ये पडली, तर तिचंच दप्तर पाण्यात गेलं. ढकलाढकली, चावे. राजनंदिनी पार काठाला आली. मी घसा फोडून ओरडलो, सोमवारी छडी देईन असंही म्हणालो. तिकडून कोण ऐकतंय?

वर्गात गोंधळ झाला की माझा एक हुकमी उपाय असतो. तोच काढला. वैष्णवीला काठीनं रेघ मारायला लावली. झाडाकडं मळा, पाण्याकडं तळं. मी म्हणेन तिकडं उडी, चुकेल तो बाद. रेघेबाहेरही चांगली चार पावलं जमीन होती.

"मळ्यात. तळ्यात. तळ्यात."

पोरं रांगेत आली. शंभूसुद्धा हसला. माझ्या जिवात जीव आला.

घसा बसला तसा मी थांबलो. शेजारी शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या हरणाबाईंनी पाण्याची बाटली दिली, ती तोंडाला लावली.

पोरं थांबली नाहीत.

सातही जण एकदम उडी मारत होते. आत, बाहेर, बाहेर, आत. कुणी चुकत नव्हतं. कुणी हसतही नव्हतं. वैष्णवीचं तोंड मिटलेलं. सगळ्यांच्या नजरा लिंबाच्या बुंध्याकडं, आणि तिथं कुणी नव्हतं.

पाणी चढत होतं. चार पावलांचं एक राहिलं.

"सर, आता बास करा की," हरणाबाई म्हणाल्या. "पाणी रेघंला टेकलंय. तळ्यात म्हणू नगा."

"मी कुठं काय म्हणतोय?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग पलीकडं. "आवाज तर तुमचाच हाय," त्या हळू म्हणाल्या आणि शेळ्या हाकत निघून गेल्या.

मला फक्त पाणी ऐकू येत होतं.

मी "मळ्यात" म्हणून ओरडलो. एकानंही मान वळवली नाही.

पोरांनी बाहेर उडी मारली. घोटाभर पाणी.

आत.

परत बाहेर. गुडघाभर.

बोट आली तेव्हा सातही पोरं पाण्यात पाय जुळवून रांगेत उभी होती. सातही वाचली. मास्तरांच्या शिस्तीनं वाचली, असं गाव म्हणतं. वैष्णवी म्हणाली, "सर, तुमी झाडाखाली हुता, म्हणून भ्या न्हाय वाटलं."

आमच्या घरापासून ओढा पाच मिनिटांवर आहे. काल दुपारी मी ओसरीवर वह्या तपासत होतो. राजनंदिनी अंगणात पाय जुळवून, तिकडं तोंड करून उभी होती.

"बाबा, आता काय म्हणालात?"

मी "मळ्यात" म्हणालो. मोठ्यानं, दोनदा.

तिनं मान डोलावली आणि ओढ्याच्या दिशेनं एक उडी मारली.