सगळ्या वारसांची सही

घर रिकामं आहे, फोटो काढून ये, असं सांगून आमच्या ऑफिसच्या बाईंनी माझ्या हातात किल्ली ठेवली होती. मी दार उघडलं, हॉल ओलांडला... आणि बेसिनच्या आरशासमोर एक माणूस! अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल गुळगुळीत.

मी किंचाळले. तोही किंचाळला — माझ्यापेक्षा मोठ्यानं.

"घर रिकामं आहे असं सांगितलं होतं मला!"

"रिकामंच आहे," तो टॉवेल शोधत म्हणाला. "मी आणि आई सोडून. तुम्ही कोण?"

"मी एजंट... म्हणजे होणार आहे. परीक्षा पास झाले की. तुम्ही मालक की भाडेकरू?"

"मालकाचा मुलगा. वडील गेल्या वर्षी गेले. म्हणजे आता मी..." तो घुटमळला. "आता कोण असतो हो मी?"

"वारस," मी म्हटलं. पुस्तकातलं पहिलंच प्रकरण, म्हणून पटकन आठवलं.

"आणि वारसाला दाढी पुरी करायची परवानगी असते का?"

मी हसले. हसायला नको होतं, एकटीनं करायचं पहिलंच काम होतं माझं.

बाईंच्या ऑफिसात मला वर्ष झालं होतं. घरं दाखवायची, कागद आणून द्यायचे, आणि उरलेल्या वेळात लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास. कायद्याच्या पेपरानं मला एकदा तोंडावर पाडलं होतं. त्या अर्ध्या दाढीवाल्याचं चष्म्याचं दुकान आमच्याच रस्त्यावर, चार दारं सोडून निघालं. त्याच्या आईचे गुडघे जिने चढू देत नव्हते, म्हणून घर विकून तळमजल्यावरची जागा घ्यायची, एवढाच बेत होता.

एकदा त्याच्याकडे कागदावर सही घ्यायला गेले, तर त्यानं माझं पुस्तकच काढून घेतलं.

"एवढं नाकाला लावून वाचता? कायदा डोक्यात शिरायच्या आधी डोळ्यातच अडकत असेल. बसा खुर्चीत."

मग रोजचंच झालं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तो माझ्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायचा आणि मांडीवर पुस्तक ठेवून प्रश्न विचारायचा.

"मालकी आणि ताबा. फरक सांगा, एजंटबाई."

"मालकी कागदावर असते. ताबा म्हणजे प्रत्यक्षात आत कोण राहतंय ते."

"म्हणजे एखादा माणूस कुणाच्या तरी जागेत... न विचारता शिरला आणि बसलाच, तर?"

"तर ते अतिक्रमण."

"आणि मालकानं हाकललंच नाही तर?"

त्यानं फ्रेम माझ्या नाकावर बसवली. कानामागे त्याची बोटं क्षणभर थांबली. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मला आता लख्ख दिसत होती, पण वाचता एकही येईना.

"वर्षानुवर्षं नाही हाकललं, तर... कधीकधी हक्क सांगता येतो."

"वर्षानुवर्षं?" तो म्हणाला. "चालेल. मला घाई नाही."

त्या दिवशी आम्ही 'तुम्ही'चं 'तू' केलं. कुणी आधी केलं, यावर पुढे आठवडाभर वाद चालला.

घराला गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको. तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेली माणसं. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत हात ठेवून विचारलं, "इथे सकाळचं ऊन येतं का गं?" येतं म्हटल्यावर त्या तिथून हलेनातच. काका लाजून म्हणाले, "हिला आता ओढूनच न्यावं लागणार."

करार गुरुवारचा ठरला. त्याच्या आठ दिवस आधी मी त्याला वरच्या खोलीतलं सामान आवरायला मदत करत होते. खोलीत दोन पलंग होते.

"हा दुसरा कोणाचा?" मी सहज विचारलं.

तो पलंगाच्या कडेवर बसला. चादर सारखी करत म्हणाला, "ताईचा."

"तुला ताई आहे? कधी बोलला नाहीस!"

"बोलायचं नसतं. मी नऊ वर्षांचा होतो. ती एकोणीस. बाबांना न पटलेल्या माणसाशी तिनं लग्न केलं. बाबा म्हणाले, आजपासून मला एकच मूल. मग या घरात तिचं नाव कुणी घेतलंच नाही. सुरुवातीला मी उशीत तोंड खुपसून हाक मारायचो तिला. नंतर... सवय झाली."

मी त्याचा हात हातात घेतला. आणि तेवढ्यात डोक्यातलं ते मेलं पुस्तक उघडलं.

"वारसांच्या यादीत कोणाकोणाची नावं दिलीत?"

"आई आणि मी. प्रतिज्ञापत्र आईनं लिहून दिलं. खाली मी सही केली."

"अरे, पण नाव घेतलं नाही म्हणून हक्क जात नाही! तीही वारस आहे. तिच्या सहीशिवाय घर पूर्ण विकलंच जात नाही. उद्या ती आली तर काका-काकूंच्या नशिबी कोर्टाच्या पायऱ्या येतील."

त्यानं हात हळूच सोडवून घेतला.

"मी एजंटला नाही सांगितलं," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं."

ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मलाच ठाऊक. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मी रोज त्याला म्हणायचे, तिला शोध. तो रोज म्हणायचा, आईला काय सांगू? तिनं बाबांना ताईचं नाव न काढायचा शब्द दिलाय. बुधवारी दुपारी मी दुकानात गेले. खुर्चीत बसले नाही.

"उद्या सकाळी मी बाईंना सांगणार आहे. आज तू सांगितलंस, तर माझ्यावर ती वेळ येणार नाही."

तो एक भिंग पुसत होता. स्वच्छ झालं तरी पुसतच राहिला.

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. माझं... माझं तुझ्यावर प्रेम आहे, तरी सांगेन."

असं सांगायचं नव्हतं ते मला. कितीदा मनात घोळवलं होतं, वेगळं, छान. त्यानं मान वर केली नाही.

"सांग मग," एवढंच म्हणाला.

ऑफिस बंद होईपर्यंत मी दाराकडे डोळे लावून बसले. तो आला नाही. सकाळी मी सांगितलं.

बाईंनी करार थांबवला, काका-काकूंना बोलावून समजावलं. काकांनी चेकबुक परत खिशात ठेवलं. काकूंनी मात्र मलाच विचारलं, "त्या पोरीला निदान कळवलंय का गं, तिचे वडील गेले ते?"

आमच्यापैकी एकाच्याही मनात हे आलं नव्हतं.

बाईंनी वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली — या मालमत्तेत ज्यांचा हक्क असेल त्यांनी संपर्क साधावा — आणि खाली ताईचं माहेरचं नाव. बाराव्या दिवशी ऑफिसात एक गॅरेजवाला आला. नखांत काळं ग्रीस, अंगात इस्त्रीचा शर्ट. सोबत पंधरा वर्षांची मुलगी, हनुवटी थेट माझ्या चष्मेवाल्यासारखी. चष्मेवाला आणि त्याची आई समोरच बसले होते.

त्या माणसानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. मृत्यूचा दाखला होता. चार वर्षांपूर्वीचा.

"हिस्सा-बिस्सा नको आम्हाला," तो म्हणाला. "शेवटी शेवटी ती म्हणायची, धाकट्याला एकदा बघायचंय. परवा पेपरात तिचं नाव दिसलं. वाटलं... उशिरा का होईना, बोलावलं माहेरानं."

कुठे राहता, असं बाईंनी विचारलं. गावाचं नाव सांगून तो म्हणाला, "लांब नाही. बसनं दोन तास."

चष्मेवाल्याची आई उठली. दुखऱ्या गुडघ्यांनी, टेबलाचा आधार घेत त्या मुलीपाशी गेली आणि तिचं मनगट धरलं. मग सोडेचना. तिचा मुलगा मात्र जागचा हलला नाही. दाखल्यावरचं नाव वाचत होता, पुन्हा पुन्हा, लहान मूल अक्षरं लावतं तसा.

ताईच्या जागी आता ती मुलगी वारस होती, आणि अल्पवयीन. कोर्टाच्या परवानगीशिवाय तिचा हिस्सा विकता येणार नव्हता. बाई म्हणाल्या, अठरा पूर्ण होईपर्यंत थांबा. काका-काकूंनी दुसरीकडे लहानसं घर घेतलं. तिथे ऊन संध्याकाळचं यायचं.

महिन्याभरात त्यानं दुकान आवरायला काढलं. त्या गावात नवं टाकणार होता, भाचीजवळ. मी खोकी बांधायला गेले. त्यानं नको म्हटलं नाही.

"रागावलायस?" मी शेवटी विचारलं.

"नाही गं. तू सांगितलं नसतंस तर मी त्या पोरीचं तोंडही बघितलं नसतं." तो खोक्यावर चिकटपट्टी लावत राहिला. "पण तुला बघितलं की मला माझी सही दिसते. त्या यादीखालची. तू काही बोलत नाहीस, तरी दिसते."

"मी थांबेन."

"नको थांबूस." त्यानं चिकटपट्टी खाली ठेवली. "प्रेम माझंही आहे. बुधवारी बोलायला हवं होतं... तेव्हा जीभ उचलली नाही."

त्यानं माझा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा नीट बसवला. मग टेम्पो आला.

परीक्षा मी पास झाले. कायद्याच्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. बाईंनी पाठ थोपटली. मी दुपारभर कपाटातल्या फायली उगाच इकडच्या तिकडे करत बसले.

तीन वर्षांनी ती भाची एकटीच ऑफिसात आली. उंच झाली होती. घर विकायचं होतं. आजीचं आणि मामाचं मुखत्यारपत्र तिनं सोबत आणलं होतं — म्हणजे त्यांच्या वतीनं ती सही करू शकत होती, त्यांना यायची गरज नव्हती.

"मामा मसुदा वाचणार नाही का?" मी विचारलं.

"नको म्हणाला. तुम्ही बघितलंत म्हणजे झालं, म्हणाला."

मी कागद पुढे सरकवत राहिले, ती सही करत राहिली. शेवटच्या पानावर तिनं पेन थांबवलं.

"तुमचं लग्न झालं का, असं त्यानं विचारायला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "मीच विचारतेय."

"नाही झालं."

"त्याचंही नाही." ती हनुवटी वर करून माझ्याकडे बघत होती. "सांगू त्याला?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सुरू झाली, पुन्हा बंद पडली.

"नको," मी म्हटलं. "एवढंच सांग... या वेळी सगळ्यांच्या सह्या झाल्या."

तिनं मान डोलावली आणि शेवटची सही केली. मी शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.