विसाव्याला फिरवलेली तिरडी

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगायलाही अंगात जोर लागतो, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझ्यात तो उरलेला नाही.

गाव परतवाडा. साल १९१८. दिवाळीच्या आधीचा मंगळवार, दिवस कलतानाची वेळ.

हे सगळं मला माझ्या आईनं, मैनाबाईनं सांगितलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. शेवटचा भाग मात्र मी माझ्या कानांनी ऐकला आहे...

आमचं घर ख्रिस्ती. माझे आजोबा शालिकराम मिशनच्या दफनभूमीचे राखणदार होते. बाप्तिस्मा घेतला, पण नाव जुनंच ठेवलं. म्हणायचे, नवं नाव ठेवलं आन देवानं हाक मारली, त मीच ओ देणार नाही.

त्या साली मानमोडीचा ताप आला. सकाळी खोकला, संध्याकाळी माणूस गार. आजोबांनी नऊ दिवसांत एकवीस खड्डे खणले. जोडीला रऊफ असायचा, शेजारच्या कब्रस्तानात कबरी खणणारा. तिकडचं उरकून तो इकडे यायचा. दोघं इतके दमायचे की घास हातात धरूनच त्यांचा डोळा लागायचा.

दहाव्या दिवशी, त्याच मंगळवारी, आजी गेली. कौशल्या तिचं नाव.

जाण्याआधी तिनं आजोबांना एकच गोष्ट विचारली.

"तुमी म्हणता, शेवटच्या दिवशी तुतारी वाजन, मेलेले सारे उठतीन. येवढ्या गर्दीत मी तुमाले ओळखीन कशी?"

आजोबा म्हणाले, "मी तुह्या बाजूलेच राहीन. डोळे उघडले का पयलं माहं तोंड दिसन तुले."

"नुसतं मन राखून राहिले का?"

"नाही. जबान देतो."

"मंग झोपते आता. लय थकली मी."

आता एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पुरताना डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू परत येईल तो पूर्वेकडून, अशी श्रद्धा. पुनरुत्थानाच्या दिवशी माणूस नुसता उठून बसला, की त्याचं तोंड उगवतीकडे.

दफनभूमीचं फाटक पश्चिमेला. तिरडी घरून पाय पुढे करून न्यायची, फाटकातून सरळ आत आणि तशीच खड्ड्यात. आपोआप बरोबर बसतं.

पेट्यांच्या फळ्या केव्हाच संपल्या होत्या. आजोबांनी आजीला मांजरपाटात डोक्यापासून पायापर्यंत स्वतः शिवलं. शिवल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसत होती.

पाळकसाहेब पंजाबराव तापानं अंथरुणावर होते. खांदा द्यायला आजोबा, रऊफ आणि शाळेचे दोन मास्तर. आजोबांच्या अंगातही ताप होता.

अर्ध्या वाटेवर एक कडुनिंब. तो गावाचा विसावा. हिंदू लोक तिथे तिरडी टेकवतात, तिला उलट फिरवतात, पुढचे मागे होतात, मागचे पुढे, आणि मग स्मशानाकडे निघतात. मिशनची तिरडी तिथे थांबत नसे. पाळकसाहेबांची सक्त मनाई होती.

त्या दिवशी थांबली...

खांदे भरून आले होते. चौघं दोन घोट पाणी प्यायले. उठताना कुणी कुणाला काही बोललं नाही. तिघांची बापजाद्यांची सवय, आणि रऊफ त्यांच्याबरोबर वळला. तिरडी फिरवली आणि चालू लागले.

आई मागून चालत होती. तिनं पाहिलं. त्यात काही चुकलं, असं तिलाही वाटलं नाही.

माती लोटली. आजोबांनी पश्चिमेच्या टोकाला, डोक्याशी, लाकडी क्रूस रोवला आणि घरी येऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर...

क्रूस पूर्वेच्या टोकाला होता.

आजोबांना वाटलं, तापात आपणच भलतीकडे रोवला. उपटला, पश्चिमेला रोवला, धोंड्यानं ठोकला.

तिसऱ्या दिवशी... परत पूर्वेला.

माती हललेली नव्हती. पाऊल उमटलेलं नव्हतं. कालच ठोकलेला क्रूस, पण पश्चिमेच्या टोकाला त्याचं भोकसुद्धा नव्हतं.

"रऊफ, ढोरं शिरले का रे आत?"

"ढोरं उपटतीन, भाऊ. रोवतीन कसे?"

रऊफनं क्रूसावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "शालिकभाऊ... आपून त्या दिवशी निंबाखाली तिरडी फिरवली व्हती."

फिरवली, म्हणजे ती फाटकातून डोकं पुढे करून आत गेली होती.

आजीचं डोकं पूर्वेला होतं. क्रूस डोक्याशीच सरकत होता.

पाळकसाहेब बरे झाल्यावर आजोबा त्यांच्याकडे गेले. कबर उघडून तिला नीट ठेवू द्या, म्हणून हात जोडले. पाळकसाहेब चांगले होते, पण त्यांनीही त्या महिन्यात स्वतःची दोन मुलं पुरली होती.

"एका बाईला फिरवणं देवाला जड आहे का, शालिकराम? कौशल्याबाई झोपली आहे. झोपू दे तिला."

"झोपली असती, त क्रूस कोण हालवून राहिलं, साहेब?"

दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि आजोबा परत आले.

त्यांना भुताची भीती वाटत नव्हती. त्यांच्या जिवाला दुसरंच खात होतं. बाई थकून गेली होती. झोपते म्हणाली होती. आणि त्यांच्या चुकीनं तिला झोप लागत नव्हती. एवढं बोलून ते आईसमोर लहान पोरासारखे रडले.

मग १९१९ चा ईस्टर आला.

ईस्टरला आमची मंडळी उजाडायच्या आधी दफनभूमीत जमतात. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. सूर्याची कड दिसली की पाळकसाहेब म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे." सगळे एका सुरात म्हणतात, "खरोखर उठला आहे."

म्हटलं. आवाज विरला.

आणि मागून, पश्चिमेकडून... एकटा आवाज आला. उशिरानं.

"खरोखर उठला आहे..."

मग खोकला.

आईनं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. शेजारी आजोबा डोळे मिटून उभे होते, ओठांवर आजीचं नाव. आवाज तिच्या आईचा होता.

दर वर्षी तेच. बाकी कुणाला ऐकू यायचं नाही, या दोघांनाच.

पुढच्या ईस्टरपासून आजोबा पश्चिमेकडे तोंड करून उभे राहू लागले. सूर्याकडे पाठ, पाळकसाहेबांकडे पाठ. लोक हसायचे. "शालिकरामाचा देव मावळतीले उगवते." आजोबा हसू द्यायचे. ती एकटीच मावळतीकडे तोंड करून नसावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अशी बावीस वर्षं गेली.

१९४१ च्या जानेवारीत आजोबांनी अंथरूण धरलं. आईला जवळ बोलावलं.

"मैना, मले पेटी नको. मांजरपाटात शिव. आन निंबाखाली मलेही फिरवजा. तिच्यासारखंच ठेवजा."

"देवाकडे पाठ होईन, बाबा."

"होऊ दे. ती येकटी पाठ करून पडली हाये, माह्या पायी."

आईनं रऊफला सांगितलं. त्याची दाढी तोवर पांढरी झाली होती. तिरडी निघाली तेव्हा नवे पाळकसाहेब पुढे होते. कडुनिंबापाशी रऊफ म्हणाला, "जरा टेकवतो, साहेब. खांदा भरला." पाळकसाहेब पुस्तक वाचत पुढे चालत राहिले. मागे तिरडी फिरली.

आजीच्या शेजारीच राखलेली जागा. आजोबांचं डोकं पूर्वेला गेलं. पाळकसाहेबांना काय माहीत? त्यांनी रीतीप्रमाणे पश्चिमेला क्रूस रोवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि रऊफ गेले. काय दिसणार, ते त्यांना ठाऊक होतं.

आजोबांचा क्रूस पूर्वेच्या टोकाला होता. ठरल्याप्रमाणे.

मग आईनं आजीच्या कबरीकडे पाहिलं...

बावीस वर्षं पूर्वेला असलेला क्रूस आज पश्चिमेला होता.

रऊफनं काडी घेतली आणि मातीवर दोन रेघा ओढल्या, शेजारी शेजारी. एकीचं डोकं इकडे, दुसरीचं तिकडे.

"हे असे दोघं उठून बसले..." त्याची काडी थांबली. "त तोंडासमोर तोंड येते."

डोळे उघडले का पयलं माहं तोंड दिसन तुले.

तिला पूर्व नको होती, पश्चिम नको होती. तिला दिलेली जबान हवी होती.

आईला बरं वाटलं. रऊफला वाटलं नाही. तो काडी टाकून म्हणाला, "मंग शालिकभाऊले रीतीनं ठेवलं असतं, तरी तोंडासमोर तोंड आलंच असतं. ती पयलेपासून बरोबर व्हती. आपून त्याले फिरवलं, म्हणून तिले फिरावं लागलं. थकलेल्या बाईले आपून अजून येकदा उठवलं, मैना."

त्यानंतर रऊफनं दफनभूमीत पाऊल ठेवलं नाही.

क्रूस तेव्हापासून हललेले नाहीत. मी स्वतः पाहत आलो आहे. कुजले म्हणून दोनदा बदलले, तेही त्याच टोकांना.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी मंडळीत आईशिवाय उभा होतो. पूर्वेकडे तोंड करून. सगळ्यांबरोबर म्हटलं, "खरोखर उठला आहे."

त्या सुरात, आई सांगायची तसा, एक खोकला होता... आमच्यातल्या कुणाचाच नव्हता तो.

आणि सगळं शांत झाल्यावर, मागून, उशिरानं, एका पुरुषाचा दमलेला आवाज आला, "खरोखर उठला आहे..."

आता दर वर्षी येतो. मी वळत नाही.

पाळकसाहेब सांगतात, तुतारी वाजेपर्यंत मेलेले झोपलेले असतात. मी लहानपणापासून तेच ऐकत आलो, तेच मुलांना शिकवलं. माझीही जागा त्या दोघांच्या शेजारीच राखलेली आहे. मरणाचं मला काही वाटत नाही. पण मी आता फार थकलो आहे, आणि रात्री अंथरुणावर पडलो की एकच विचार येतो.

तिथं गेल्यावर झोप लागते ना?