राक्षसाच्या पंज्याची खूण

स्टुडिओच्या अंधाऱ्या बोळात ती वळली आणि थेट राक्षसाच्या छातीवर आदळली. हिरवा, खवल्याखवल्यांचा, शेंडीपासून शेपटीपर्यंत रबराचा!

वास्तविक किंचाळणं हा तिचा पेशा. अवकाशयानाच्या मालिकेत दर शनिवारी राक्षस आला की तिने किंचाळून बेशुद्ध पडायचं, मग कप्तानाने तिला वाचवायचं. पण त्या दिवशी खऱ्या भीतीने तिची दातखीळच बसली.

"अहो, घाबरू नका..." राक्षस आतून पुटपुटला. "जरा मागची चेन ओढता? मघापासून शिंक अडकलीये."

तिने चेन ओढली. आतून घामाने निथळणारा एक लाजरा तरुण निघाला आणि दणदणीत शिंकला.

"राक्षस इतका हडकुळा?"

"जेवायला माणसं मिळत नाहीत. कॅन्टीनवर भागवतो."

तेव्हापासून दोघांची एक चोरटी खूण ठरली. कॅमेऱ्यासमोर तिचं मनगट धरलं की तो पंजा हळूच दाबायचा – भिऊ नकोस, मीच आहे. मग ती अगदी समाधानाने किंचाळायची.

मालिकेतला माणूस गुरू ग्रह ओलांडून गेला होता. यानातला चहाचा ट्रे मात्र अजून तिच्याच हातात होता. एकदा तिने दिग्दर्शकाला भीत भीत विचारलं, "साहेब, मला एखादा हुकूम द्यायला मिळेल? छोटासा?"

"बाईच्या हुकमावर यान चालेल का?"

"यान पुठ्ठ्याचं आहे, साहेब."

"म्हणूनच जपतोय. आणि एक शब्द जास्त बोललीस, तर बाहेर किंचाळणाऱ्यांची रांग लागलीये."

तिने चहाचा ट्रे उचलला. नोकरी सुटायचाच अवकाश, घरी थोरल्या भावाने स्थळ हेरून ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी रंगारी मोठ्या अभिमानाने तिला म्हणाला, "आज राक्षसाला नवा रंग दिलाय. गळ्याजवळची भोकंही बुजवली. फार विद्रूप दिसत होती."

राक्षसात विद्रूप काय दिसलं, याचं तिला हसू आलं. तेवढ्यात दिवे लागले. थेट प्रक्षेपण – जे घडेल ते त्याच क्षणी घरोघरी!

राक्षस आला. त्याने तिचं मनगट धरलं... पण पंजा दाबला नाही. नुसता थरथरत राहिला. मुखवट्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता.

भोकं! तो श्वास कुठून घेणार?

कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाने अंगठा दाखवला – तडफड झकास! कप्तान पाठ केल्याप्रमाणे गरजला, "मर, दुष्टा!" मग दिग्दर्शक तिला बोटाने खुणावू लागला – पड, पड!

एक भीती नोकरी जाण्याची, दुसरी त्याच्या जिवाची. थोरल्या भीतीने धाकटीला बाजूला ढकललं.

"कप्तान, बंदूक खाली!" ती ओरडली. चेन रंगाने घट्ट बसली होती. "बघता काय? शेपूट धरा! ओढा!"

कप्तानाला न लिहिलेलं वाक्य कधी सुचत नसे. हुकूम मात्र चटकन कळला. चेन फाटली, मुंडकं निघालं. आतला चेहरा निळा पडला होता.

"ए... डोळे उघड ना..." तिने गालावर थापट्या मारल्या. एक क्षण... आणखी एक...

तो शिंकला.

"पाणी!" ती म्हणाली. आणि घरोघरच्या पडद्यांवर कप्तान चहाचा ट्रे घेऊन धावला.

दिवे मालवले. तो अजून तिच्या मांडीवरच होता.

"तू बेशुद्ध पडायचं होतंस..."

"पडणारच होते. तू आधी नंबर लावलास."

"आत काळोख होता गं... मरायची नाही, तुझा हात सुटेल याचीच भीती वाटत होती." तो थांबला. "कायमच वाटते."

तेवढ्यात पांढराफटक दिग्दर्शक समोर उभा राहिला. "वरून फोन आलाय. लोक विचारतायत..." तिने डोळे मिटले. "...की ही बाई पुढच्या शनिवारी काय हुकूम देणार?" तो घुटमळला. "पण मग किंचाळायचं कोणी?"

सगळ्यांनी कप्तानाकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून ट्रे होता.

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. रबरी पंजा तिच्या मनगटावर आला होता... आणि हळूच, पण न सोडता, दाबत होता.